गरुडाला दूधभात

आमच्या तेलगावच्या मारुतीमागे पंख मोडलेला गरुड सापडला; अंग तांबूस, डोकं पांढरं. देवाचं वाहन म्हणून मी तो टोपलीत ठेवला आणि दहा-बारा दिवस चोच उघडून दूधभात भरवला. एकादशीला मी उपास केला, त्यालाही घडवला. मग तो मान टाकू लागला. मोमिनाबादेला जहागीरदाराचे बाज सांभाळणारे कासीमचाचा बाजारच्या दिवशी लोकांना शिकारी पाखरांची माहिती सांगतात, असं ऐकलं होतं. तिकडे निघालो.

जाणाऱ्यांनी धारूरचा घाट उन्हाआधी चढावा. वाट दगडांची आहे, बैल घसरतात आणि वर पोचेपर्यंत पाणी नाही. भाकरी बांधून घ्यावी. मुक्कामाला आडस गाव बरं; देवळात पडायला जागा मिळते.

गाडीवान सखाराम वाटेत म्हणाला, "आबा, तुमचा गरुड लई सोवळा हाय. एकादशीबी करतोय!" मी हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी बाजारात चाचांभोवती गर्दी होती. चामडी हातमोज्यावर त्यांचा शिकारी शिक्रा बसलेला. त्यांनी माझ्या गरुडाची छाती चाचपली.

"इसकू क्या खिलाया?"

"दूधभात."

ते हसले नाहीत. माझं बोट धरून त्याच्या छातीवर ठेवलं. मांस नव्हतंच, विळ्याच्या पात्यासारखं हाड लागलं. "इसकू गोश्त होना," ते म्हणाले.

गर्दीतला एकजण गुरगुरला, "देवाच्या पाखराला मटण कावून द्यायचं बे?"

"नको देओ," चाचा म्हणाले. "फिर पकडनाच नै."

त्यांनी कबुतराचं काळीज बारीक चिरलं. गळ्यात तुळशीची माळ, तरी मी ते चिमटीत धरलं. गरुडानं चोच उघडली, पण गिळवेना. थोड्या वेळानं माझ्या मांडीवरच तो गेला.

"बीमारीसे नै, भूकसे मरा," चाचा म्हणाले. मग लोकांना एकेक करून बोलावलं. आधी शिक्र्याची भरलेली छाती, मग माझ्या गरुडाची. "हात लगाव. याद रखो."

परतताना तिथल्या योगेश्वरी देवीपुढे उभा राहिलो, काय मागावं सुचलं नाही.

गावी परतलो तर मारुतीपुढे शेजारच्या गोदाकाकू गरुडासाठी दुधाची वाटी घेऊन बसलेल्या. मी म्हणालो, "काकू, मीच उपाशी मारला त्याला." तेव्हापासून दर शनिवारी पारावर ही हकीकत सांगतो. लोक म्हणतात, "आबा, तुमचा भाव चांगला हुता."

होताच. पण जपाला बसलो की मण्यांऐवजी बोटाला ते हाडच लागतं.