आत्या आणि तीनचाकी सायकल

माणसाची लायकी तो जन्मला त्याच दिवशी ठरते आणि ती किलो-ग्रॅममध्ये मोजता येते, असं मानणारी एकच बाई अख्ख्या मराठवाड्यात असेल, आणि ती नेमकी माझ्या बायकोची आत्या निघावी हे माझं नशीब. आत्या सरकारी नर्स होती. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर तिनं तीस-बत्तीस वर्षं बाळंतपणं केली. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिच्या हातावर जन्मलेली मंडळी आता तिथल्या प्रत्येक खुर्चीवर बसलेली आहेत. लेकरू बाहेर आलं की पुसायचं, झोळीत घालून काट्याला लटकवायचं आणि आकडा वाचायचा. तो आकडा आई विसरते, बाप विसरतो, कागद वाळवी खाते. आत्या विसरत नाही. बँकेतला कॅशियर ‘उद्या या’ म्हणाला की ती खिडकीतूनच सगळ्या रांगेला ऐकवणार, “चौदाशे ग्रॅमचा होता हा. छातीशी धरून धरून जगवला, आन् आता मलाच म्हणतो उद्या या!” वजनदारांचीही सुटका नाही. एका नगरसेवकाबद्दल तिचं मत असं, “सव्वाचार किलो. माय मरता मरता वाचली. तवापासून दुसऱ्याला तरास देऊनच राहिलाय मेला.” तीन किलो हे तिच्या लेखी आदर्श वजन. तसा तंतोतंत माणूस आमच्या गावात एकच जन्मला, आणि तो पुण्याला निघून गेला.

माझी आणि तिची पहिली गाठ मुलगी पाहायच्या कार्यक्रमात पडली. सासरची मंडळी माझं शिक्षण, शाळा, पगार विचारत होती. शाळा अंशतः अनुदानित असल्यामुळे पगाराचं उत्तरही अंशतःच होतं. कोपऱ्यातून आत्यानं विचारलं, “पोराचं जन्माचं वजन किती?” माझी आई ओशाळून म्हणाली, “घरीच झाला की हो. कोण मोजतंय?” आत्यानं पोह्यांची बशी खाली ठेवली. “म्हणजे हे स्थळ बिनवजनाचंच म्हणायचं,” ती म्हणाली. लग्न झालं, विहारात चांगलं थाटात झालं, पण तेव्हापासून ती मला ‘जावईबापू’ म्हणते ते असं, की त्यापेक्षा शिवी बरी.

आमची तन्वी जन्मली तेव्हा आत्या निवृत्त झालेली होती. तरी नांदेडच्या दवाखान्यात जाऊन, तिथल्या नर्सला बाजूला सारून तिनं स्वतः वजन केलं. दोन किलो नऊशे. “शंभर ग्रॅमनं हुकली,” ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढी स्तुती आजवर कुणाची झालेली नव्हती.

तन्वी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर वळून बघायची नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे एका रांगेत मांडायची, आणि त्यातला एक कुणी हलवला तर डोकं भिंतीवर आपटायची. नांदेडच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं, ऑटिझम, स्वमग्नता म्हणतात ती. वर्तनोपचार सुरू करा, आठवड्यातून तीन दिवस, खंड पडू देऊ नका. वर्षा, माझी बायको, परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली होती. घरी आत्याला सगळं सांगितलं तेव्हा ती फणकारली, “काय आजार-बिजार न्हाई. बोलावं असं माणूस तुमच्या घरात हाय कोण? मी असते तर मीबी बोलले नसते.”

तरी दुसऱ्या आठवड्यात ती पिशवी घेऊन स्टँडवर हजर. थेरपी नावाचं हे थोतांड एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. केंद्रातली मॅडम लातूरची, पंचविशीतली, शांत. टेबलावर चित्रांची कार्डं. तन्वीनं मनुक्याचं कार्ड उचलून मॅडमच्या हातात दिलं की एक मनुका मिळायचा. दहा मिनिटं बघून आत्या मोठ्यानं म्हणाली, “हे तर मी कोंबड्यांना शिकवीन, आन् फी बी घेणार न्हाई.” मॅडम हसल्या. तेवढ्यात तन्वीची नजर कोपऱ्यातल्या माठाकडे गेली. आत्या ताडकन उठली, पेला भरला आणि तिच्या तोंडाला लावला.

“आजी,” मॅडम म्हणाल्या, “तिनं मागायच्या आधीच तुम्ही दिलंत. मग ती मागायला शिकेल कशाला? आपण थोडं थांबायचं असतं.”

आत्याला असं कुणी बोललेलं नव्हतं. तिनं शस्त्र उपसलं. “तुझं जन्माचं वजन किती गं?”

“तीन किलो,” मॅडम म्हणाल्या. “आई अजून सांगते, काटा अगदी मधोमध थांबला होता.”

परतताना कंधारचा फाटा मागे पडल्यावर आत्या एवढंच पुटपुटली, “लातूरचे काटे बरोबर नसतात.” पण त्यानंतर तिनं एकही खेप चुकवली नाही. घरी कुणी तन्वीला न मागता काही दिलं की ती हातावर फटका मारायची. मला तर दिवसातून चार बसायचे.

आता खर्च. माझ्या पगारात महिन्याला चार-पाच खेपा निघत, बारा निघत नसत. वर्षाच्या बांगड्या आधीच गेल्या होत्या. मॅडमनीच सांगितलं की नगरपरिषदेला आपल्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करावाच लागतो. थेरपीसाठी मागून बघा. मग जिल्ह्याच्या दवाखान्यात चार फेऱ्या मारून तन्वीचं प्रमाणपत्र काढलं. तिथल्या रांगेत एक गृहस्थ तन्वीकडे बघून म्हणाले, “ही तर धडधाकट दिसते.” आत्या म्हणाली, “तुम्हीबी दिसता. दिसण्यावर काय हाय?”

नगरपरिषदेतले मोठे बाबू अर्थातच आत्याच्या हातचे. दोन किलो शंभर, पायाळू. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि काम केलं नाही. “आत्या, थेरपी ही वस्तू न्हाई ना,” ते कळवळून म्हणाले. “आमच्या यादीत वस्तू हायत. सायकल हाय, कुबड्या हायत, पिठाची गिरणी हाय. वस्तू वाटता येती, फोटो काढता येतो. थेरपीचा फोटो काय काढू?”

“तू पायानं आलास तवाच मी वळखलं हुतं,” आत्या म्हणाली, “ह्याचं सगळं उलटंच हुणार.”

वर्षभर असे अर्ज चालले. एकदा थेरपीचं दरपत्रक तीन दुकानांतून आणायला सांगितलं, जशी काही ती पत्र्याची कोठी होती. एकदा लाभार्थीची सही मागितली. मी म्हणालो, ती साडेचार वर्षांची आहे. ते म्हणाले, मग अंगठा चालेल. मी गयावया करायचो. ते बघून आत्याचा माझ्याबद्दलचा तिरस्कार वाढतच गेला. “जावईबापू, तुम्ही हक्काचं मागून राहिलात का भीक?” ती सगळ्या कचेरीसमोर विचारायची. आणि दर महिन्याला तन्वीच्या खेपा कमी होत होत्या. मॅडम म्हणाल्या, शिकलेलं हळूहळू सुटत चाललंय. चिमट्यांची रांग पुन्हा लांब झाली होती.

शेवटी एके दिवशी पत्र आलं. अर्ज मंजूर! वर्षानं ते दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं. कुमारी तन्वी हिला एक नग तीनचाकी सायकल मंजूर. वाटपाच्या कार्यक्रमास पालकांसह उपस्थित राहावे. ज्या पोरीला पकडायला दोन माणसं लागतात तिला नगरपरिषद हातानं चालवायची सायकल देणार होती. मी म्हणालो, जायचंच नाही. आत्या म्हणाली, “जायचं. साडी इस्त्रीला टाक, वर्षे.”

कार्यक्रम नगरपरिषदेच्या सभागृहात होता. नवे मुख्याधिकारी लातूर जिल्ह्यातले, औशाकडचे, महिन्याभरापूर्वीच आलेले. आत्यानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि पहिल्यांदाच मला तिच्या डोळ्यांत धास्ती दिसली. “ह्याचं काही म्हाईत न्हाई मला,” ती कुजबुजली. नाव पुकारलं गेलं. आत्या तन्वीला पुढे घालून मंचावर चढली, मागून आम्ही दोघं. त्याच वेळी लाउडस्पीकरनं कर्कश शिट्टी मारली. तन्वीनं दोन्ही कान दाबले आणि किंचाळायला सुरुवात केली. ती जमिनीवर पडली, टाचा आपटू लागली. खालून कुणीतरी म्हणालं, “लाडावून ठिवलंय.” कुणीतरी मोबाइल वर केला. वर्षा रडायला लागली. मी, बिनवजनाचा माणूस, नुसता उभा होतो.

“बंद कर ते!” आत्या ओरडली. बाबूंनी धावत जाऊन वायर उपटली. सभागृह शांत झालं. तन्वीचं किंचाळणं हुंदक्यांवर आलं, मग तेही थांबलं. ती सरकत सरकत सायकलीपाशी गेली आणि चाक फिरवत बसली. सगळे तिच्याकडे बघत होते. आत्या तिच्यापासून हातभर दूर फतकल मारून बसली, पिशवीतून चित्रांची कार्डं काढली आणि फरशीवर मांडली.

थोड्या वेळानं तन्वीनं टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं. मुख्याधिकाऱ्यांना ते कळलं. चांगला माणूस असावा; त्यांनी लगेच बाटली उचलून तिच्यापुढे धरली. आत्यानं त्यांच्या मनगटावर फटका मारला.

“थांबा सायेब. मागू द्या तिला.”

मोठ्या बाबूंनी डोळे मिटून घेतले. मुख्याधिकारी बाटली हातात धरून वाकलेल्या अवस्थेत तसेच थांबले. किती वेळ गेला कोण जाणे. मला तर तेवढ्यात माझी सगळी नोकरी संपून निवृत्ती आल्यासारखं वाटलं. तन्वीनं चाक सोडलं. कार्डांवरून बोट फिरवलं. मग पाण्याचं चित्र उचललं, उठली, आणि ते साहेबांच्या मोकळ्या हातात नेऊन ठेवलं. त्यांनी बाटली दिली. ती गटागटा प्यायली.

साहेब ते कार्ड उलटंसुलटं करून बघत राहिले. “हे कुठं शिकली ही?”

“नांदेडला,” आत्या म्हणाली. “आदुगर आठवड्यातून तीन दिस, आता कसंबसं एकदा. त्याचेच पैसे मागून राहिलो आम्ही वर्षभर. तुमच्या माणसांनी सायकल दिली.”

साहेबांनी बाबूंकडे पाहिलं. बाबू सायकलीकडे बघत होते.

यानंतर लगेच सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं कधी सरकारी कचेरीची पायरी चढलेली नाही. ठराव व्हायला चार महिने गेले. मंजूर झाले ते आठवड्यातल्या दोनच दिवसांचे पैसे, तेही थेट केंद्राला, तेही वर्षापुरते. वर्ष संपताना पुन्हा पत्र आलं: लाभार्थीत सुधारणा झाली किंवा कसे ते कळवावे. मी पेन धरून बसलो. सुधारणा झाली म्हणावं तर आता पैसे कशाला, आणि नाही म्हणावं तर पैसे वाया गेले. आत्यानं कागद ओढून घेतला आणि आपल्या नर्सच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘मुलगी पाणी, पोळी, झोका मागते. नको असेल तर नको म्हणते. अजून पुष्कळ शिकायचे आहे. आपण सर्वांनाच आहे.’ शेवटचं वाक्य खोडावं असं मी सुचवलं. हातावर फटका बसला. कागद तसाच गेला आणि पुढचं वर्षही मंजूर झालं. वाचला कुणी असेल असं वाटत नाही.

आता आत्याचे गुडघे गेले आहेत. एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून नांदेडला मी एकटाच तन्वीला नेतो. आत्या तोवर आमच्या ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा उद्धार करते. मी शिकवतो तेही तिला पसंत नाही, चहा करतो तोही नाही. तन्वी आता सात वर्षांची आहे. अंगाला हात लावलेला तिला अजून खपत नाही. जवळ घ्यायला जावं तर ती मासोळीसारखी निसटते. हजारो लेकरं दोन्ही हातांनी झेललेल्या त्या बाईनं या एका लेकराला तान्हेपण संपल्यापासून कधी पोटाशी धरलेलं नाही.

परवा आम्ही नांदेडहून आलो. मी चप्पल काढून आत गेलो, गॅसवर दूध ठेवलं आणि काहीतरी विचारायला ओसरीवर परत आलो. आत्या बाजेवर आतल्या दाराकडे तोंड करून बसली होती. तन्वी तिच्यामागे बाजेवर चढली होती, आणि आपली पाठ आत्याच्या पाठीला टेकवून, पाय लांब करून, कुठंतरी दूर बघत निवांत बसली होती. कुणी बोलावलं नव्हतं. आत्याची मान ताठ होती. श्वास घेत होती की नाही कळत नव्हतं. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. तिचा पाय आखडला होता, पण तिनं तो हलवला नाही. आत दूध उतू गेल्याचा वास यायला लागला. एरवी त्यावरून तिनं माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. मीही उंबऱ्यातच थांबलो.