औषधाचा रिकामा डबा

ग्रामसेवक सायकल आपटून वर्गात शिरला, तेव्हा मी बायांना पत्र्याची कड दुमडायला शिकवत होते.

"बाई, गोदामामागचं भंगार तुमीच नेलं काय?"

"हो. का?"

"त्यात कपाशीच्या औषधाचा एक डबा होता. तो जमिनीत गाडाचा राह्यला होता."

औषध म्हणजे अळीवर फवारायचं जहर. त्या भंगारातल्या सगळ्या डब्यांवर वर्गात नक्षी काढून झाली होती आणि आदल्या आठवड्यातच बाया ते घरी घेऊन गेल्या होत्या.

साठ सालानंतरची ही गोष्ट. आर्णीच्या विकास गटात मी हस्तकला शिक्षिका होते. टाकाऊ वस्तूंपासून उपयोगाच्या वस्तू करायला बंजारा तांड्यातल्या बायांना शिकवायचं, हे माझं काम. डबा आधी जाळावर धरायचा, रंग गेला की राखेने घासायचा, मग खिळ्याने ठोकून नक्षी काढायची. म्हणजे डब्यावरचं कवटीचं चित्र पहिल्याच कामात गेलेलं. आता तो डबा बाकीच्यांसारखाच चकचकीत.

"जाळल्यावर जहर जात नाही का?" मी विचारलं.

"सांध्यात राह्यते म्हणतात. पण बुडाले कंपनीचा गोल ठसा ठोकेल हाय. तो नाही जात."

मी तशीच गटविकास अधिकारी साहेबांकडे गेले. साहेब फायलीतून मान वर करायला तयार नाहीत.

"उगाच बोभाटा नको, बाई. उद्या सकाळी शिपाई पाठवू."

"साहेब, तांड्यात आज संध्याकाळी चुली पेटणार नाहीत का?"

त्यांनी जीपची किल्ली काढली.

वाटभर मला माझेच शब्द आठवत होते. 'डबे शोभेला ठेवू नका, स्वयंपाकात वापरा. पीठ ठेवा, तिखट ठेवा.' दर आठवड्याला कानीकपाळी ओरडत होते मी. ग्रामसेवक शेजारी बसून घाम पुसत होता.

तांड्याचे प्रमुख, म्हणजे नाईक, बाजेवरून उठले. "काहून धावत आल्या, बाई?"

मी सांगितलं. त्यांनी पोरींना घरोघर पिटाळलं. बाया डबे घेऊन आल्या. एकेक डबा उलटा करायचा, बूड बघायचं, बाजूला ठेवायचा. ठसा कुठेच नव्हता. मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात आली. एकाही डब्यात पिठाचा कण नव्हता.

"सगळ्या आल्या?"

"सोनी नाही आली," नाईक म्हणाले. "वावरात गेली."

सोनीच्या दारात तिची सासू भाकरी थापत होती. शेजारी पिठाची परात. डबा दिसेना.

"याडी, डबा कुठं हाय?" नाईकांनी विचारलं. याडी म्हणजे आई.

म्हातारीने मान हलवली. तिला माहीत नव्हतं. ग्रामसेवकाने परातीतलं पीठ हुंगलं. त्याला काही कळलं नाही, मला तर मुळीच नाही. पण नाईकांनी भाकऱ्या उतरवायला लावल्या आणि म्हातारी तोंडाला पदर लावून बसली. तिची नात भुकेने रडत होती. तिच्या हातातला भाकरीचा तुकडा मी काढून घेतला. इतकं वाईट मला नोकरीत कधी वाटलं नाही.

निरोप मिळाला तशी सोनी काट्याकुट्यातून पळतच आली. ऐकलं आणि सरळ पत्र्याच्या पेटीशी गेली. तळातून एक गाठोडं काढलं. त्यात आरसे लावलेली, अर्धी शिवलेली पोरीची कांचोळी, म्हणजे बंजारा चोळी, आणि कांचोळीत गुंडाळलेला डबा. आत नुसता दोरा आणि आरशांचे तुकडे.

ग्रामसेवकाने डबा उलटा केला. गोल ठसा.

मी सोनीकडे वळले.

"सोनी, तू हा स्वयंपाकात वापरला नाहीस?"

"कायले वापरीन? नवी चीज पोरीच्या लगनाची असते. आमच्यात कोणीच नाही वापरत." मग जरा ओशाळून म्हणाली, "तुमी रागवान म्हणून हो हो म्हणत होतो."

एवढे महिने माझं कोणी ऐकत नव्हतं, आणि त्यामुळेच तांडा वाचला होता. मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं.

दोरा, आरसे आणि कांचोळीसकट तो डबा आम्ही खोल पुरला. सोनी खड्ड्याकडे बघत राहिली.

"मंग माह्या पोरीले काय?"

दुसऱ्या दिवशी मी घरचा तुपाचा डबा रिकामा केला आणि तिच्या हाती दिला. सोबत बाजारातून आणलेले आरसे. ती ते पेटीत ठेवू लागली. 'स्वयंपाकात वापर' असं मी या वेळी म्हटलं नाही.

पुढे बरीच वर्षं मी 'टाकाऊतून टिकाऊ' शिकवलं. पण वस्तू हातात घेण्याआधी ती कशासाठी टाकली, हे विचारायची सवय लागली.