जेवणाचा चौकोन

“जेवताना ड्रायव्हर कुठल्या चौकोनात असतो? बोट ठेवून दाखवा,” मी मीटिंगमध्ये विचारलं. कुणीच बोट ठेवेना.

मी कतारला, दोहा शहरात बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे. आमची कंपनी बसवाल्यांसाठी ड्रायव्हरचं अ‍ॅप बनवते. आधी त्याची स्टेट डायग्राम काढतात. म्हणजे साधं आहे: माणूस ज्या ज्या अवस्थेत असू शकतो, त्या प्रत्येक अवस्थेचा एक चौकोन. काय घडलं की तो कुठून कुठे जाईल, तिथे बाण. जगभर ही चित्रं एकाच पद्धतीने काढतात. म्हणून त्यांवर मंजुरीची सही करणाऱ्याला ‘मला कळलंच नाही’ म्हणायची सोय नाही.

आमच्या चित्रात चौकोन तीनच. अव्हेलेबल, ऑन ट्रिप, सस्पेंडेड. ट्रिप नाकारली की बाण थेट सस्पेंडेडवर, म्हणजे अ‍ॅप लॉक. मी प्रोजेक्टवर आले तेव्हा सह्या होऊन गेल्या होत्या.

मी राहते त्या अल थुमामाहून आमची ऑफिसची बस दत्तारामभाऊ चालवायचे. साताऱ्याकडचे. एका सकाळी दुसराच ड्रायव्हर आला. मी फोन लावला.

“ताई, अ‍ॅपनं लॉक केलंय. घास तोंडात आणि ट्रिप आली. नाही म्हटलं. सुपरवायझर म्हणतो, आता गावी जायचं बघ.”

“जेवत होता हे सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की! म्हणतो, अ‍ॅपमध्ये तसं बटणच नाही. बटणं तुमच्याच हापिसात बनतात ना, ताई?”

माझं डोकं फिरलं. तडक बॉसकडे गेले.

“क्लायंटने मागितलं नाही,” राजीवसर म्हणाले. “ब्रेक दिला की हे लोक दिवसभर ब्रेकवरच राहतील.”

“सर, तुम्ही चॅटवर ‘अवे’ लावून करक चहाला जाता, तेव्हा तुम्हाला कोण लॉक करतं?”

“तोंड सांभाळ.”

नाही सांभाळलं. क्लायंटच्या, म्हणजे दत्तारामभाऊंच्या बस कंपनीच्या मीटिंगमध्ये डायग्राम भिंतभर लावली आणि तो प्रश्न विचारला. शेवटी त्यांचे ऑपरेशन्स मॅनेजर खालिदसाहेब उठले. बोट अव्हेलेबलवर ठेवलं.

“आता ट्रिप आली. तो नाही म्हणाला. बाणावरून बोट फिरवा.”

बोट सस्पेंडेडवर जाऊन थांबलं.

“हे आम्ही मागितलं होतं?”

“खाली सही तुमची आहे. शेजारी आमची.”

राजीवसरांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

“खलास,” खालिदसाहेब म्हणाले. “ब्रेकचा चौकोन टाका. यल्ला, लागा कामाला.”

“आणि लॉक केलेले ड्रायव्हर?”

“आजच सोडा.”

दत्तारामभाऊ बसवर परत आले. ‘सिस्टिमने लॉक केलं’ म्हणे! सिस्टिम कुणाच्या पोटावर पाय देत नाही. कुणीतरी बाण काढतो, कुणीतरी न बघता सही करतो.

आणि निर्लज्जपणा बघा. नव्या डायग्राममध्ये चौथा चौकोन आहे, पण त्याच्याकडे जाणाऱ्या बाणावर राजीवसरांनी बारीक अक्षरात लिहिलंय: ‘सुपरवायझरची परवानगी असल्यास’. घास गिळायला परवानगी! ती डायग्राम माझ्या सहीसाठी टेबलावर पडून आहे. पडून राहील.

तुमच्याकडे असं चित्र सहीला आलं, तर त्यात माणूस जेवतो कुठे ते आधी शोधा. मग पेन उघडा.