पेंटरचा ळ

"भाऊजी, जरा येता का? हे उठून नाई राह्यले."

सुलोचनावहिनी रस्ता ओलांडून माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आल्या, तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचाच होता. त्यामुळे मीही कुणाच्या तरी जमिनीची पहाणी, म्हणजे आमच्याकडचा सातबारा, मशीनवर पालथी घातली, गिऱ्हाइकाला "बसा, आलोच" म्हटलं आणि त्यांच्या मागे निघालो. समोरच्या दुकानात गंगाराम बाकावर आडवा झाला होता, तोंडावर दुपट्टा, बाजूला साय धरलेला चहा. मी त्याचा उजवा हात हातात घेतला. हा हात जागेपणी सारखा थरथरायचा, झोपेत मात्र शांत व्हायचा. म्हणून तो थांबलेला हात पाहून मला क्षणभर वाटलं, झोपलाच आहे… मग तो किती गार आहे ते लक्षात आलं.

त्याला आता काही आठवडे झाले. आदिलाबादच्या बाजारात 'गंगाराम' अशी हाक मारली असती तर त्याने स्वतःही मागे वळून पाहिलं नसतं. सगळ्यांचा तो पेंटर. जैनथच्या मराठी शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. फळ्यावर सुविचार लिहायला मास्तर त्याला उठवायचे आणि पुसायला मला, त्यामुळे आमचे धंदे तिथेच ठरले म्हणायला हरकत नाही. तो लिहिणारा झाला आणि मी दुसऱ्यांनी लिहिलेल्याच्या नकला काढणारा. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळीकडे त्याचा ब्रश फिरला. वर तेलुगू, खाली मराठी, गिऱ्हाईक मुसलमान असलं तर एका ओळीत उर्दू. उर्दू त्याला वाचता येत नव्हती, पण काढायचा अशी की वाचणारे पाहत राहायचे. मी त्याला म्हणायचो, "लेका, तीन लिप्या येतात आणि बोलायला एकही धड येत नाही." त्यावर तो नुसता हसायचा, कारण तोंडात सुपारी असायची.

मग फ्लेक्स आले आणि ब्रशवाल्यांच्या पोटावर पाय आला. पेंटरने रडगाणं गायलं नाही. नांदेडहून कुणाचं तरी वापरलेलं रेडियम कापायचं मशीन घेऊन आला. गाड्यांवर चमकणारी अक्षरं चिकटवतात ना, त्या रेडियमचा कागद यात लावायचा, कॉम्प्युटरवर अक्षर लिहायचं, की मशीनचं पातं जसंच्या तसं कापून देतं. नको असलेला भाग सोलून काढायचा आणि उरलेलं अक्षर चिकटवायचं. कॉम्प्युटर मी जोडून दिला. पण त्यातली तयार मराठी अक्षरं पाहून त्याने तोंड वाकडं केलं. "हे अक्षरं हायत का पापड? सगये एका साच्यातले." तो ग्राफचे कागद घेऊन बसला आणि स्वतःच्या हाताची सगळी बाराखडी काढली. मी ती एकेक करून कॉम्प्युटरमध्ये चढवायची, कडा नीट करायच्या, आणि त्याने मागे उभं राहून "थो उकार जरा खाली घे" म्हणत माझा जीव खायचा. अख्खा हिवाळा आम्ही त्यात घालवला. माझ्या दुकानाचं नुकसान झालं, बायकोने बोलणं टाकलं, पण खरं सांगतो, आयुष्यात मी एवढा मजेत कधीच नव्हतो.

मशीन सुरू केल्यावर रोज सकाळी पातं तपासायला काहीतरी छोटं कापून बघावं लागतं. बाकीचे लोक चौकोन कापतात. पेंटर ळ कापायचा. आमच्याकडे बोलताना ळ कुणाच्याच तोंडी येत नाही. शाळेची शाया होते आणि डोळ्याचा डोया. पेंटर तर उभ्या जन्मात ळ बोलला नसेल. पण रोज एक कापायचा. "याले दोन पोटं हायत," तो म्हणायचा, "दोन्ही बाजूनं वयते. पातं जरा बोथट झालं का पोटातच अडकते. हा निघाला म्हणजे सगये निघते." आणि कापलेला ळ फेकून द्यायचा नाही, हाताला येईल तिथे चिकटवायचा. दारावर ळ, पंख्याच्या बटणावर ळ, माझ्या स्कूटरच्या आरशामागे ळ. दुकानामागेच घर, त्यामुळे हळूहळू ते स्वयंपाकघरात शिरले. वहिनींच्या ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर एक लाल ळ आला तेव्हा मात्र त्यांनी सुरी घेतली आणि खरवडून काढला. डब्याच्या पत्र्यावर ओरखडे राहिले. "डबा माया माहेरचा हाय," त्या म्हणाल्या, "दुकान बाहेर ठेवा तुमचं." पेंटर निमूटपणे बाहेर आला आणि मला म्हणाला, "पीठ बाकी चांगलं रायलं असतं त्यात."

थरथर सुरू झाली ती चहाच्या कपापासून. आधी कप, मग शर्टाची बटणं, मग ब्रश. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्यांनी कमी राहील, जाणार नाही. परतीच्या बसमध्ये आदिलाबाद येईपर्यंत तो खिडकीतून पाट्या वाचत होता. पांढरकवड्याच्या आसपास म्हणाला, "वामन्या, आता मशीनच माया हात." ते शब्दशः खरं होतं. त्याचा हात धडधाकट असताना काढलेली अक्षरं त्या कॉम्प्युटरमध्ये होती आणि ती फक्त त्याच जुन्या मशीनला कळत होती. त्याच्या हाताला सरळ रेघ जमेना, पण मशीनमधून निघणारा प्रत्येक ळ त्याचा, पूर्वीचा, न थरथरणारा.

आणि अशात एका पावसाळी संध्याकाळी वीज पडली आणि कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला. मशीन वाचलं, अक्षरं साठवलेली डिस्क वाचली, बोर्ड गेला. मी दुसरा बोर्ड आणून बसवला आणि मागे हात घातला तर मशीनची तार लावायला जागाच नाही. नऊ टाचण्यांचा तो जुना सिरीयल पोर्ट नव्या बोर्डांना मागच्या बाजूला देत नाहीत. मी म्हटलं, काळजी करू नको, यूएसबीत लावायचा एक तुकडा मिळतो. तो लावला. मशीनने पहिली चार अक्षरं झकास कापली आणि मग चवताळल्यासारखं कागदभर फिरलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मशीनला दम घ्यायचा असला की ते कॉम्प्युटरला 'थांब' म्हणतं, पण मधला तुकडा तो निरोप पोचवतच नव्हता. पेंटर चिंध्या झालेल्या रेडियमकडे बघत म्हणाला, "याले थांब म्हटलेलं ऐकूच येत नाई. माया हातासारखं झालं हे." मी हसलो. तो हसला नव्हता.

मग मला बोर्डावरच एका कोपऱ्यात नऊ टाचण्या दिसल्या. पोर्ट बाहेर दिला नसला तरी त्याची जागा आत ठेवली होती. फक्त तिथून बाहेर आणणारी चपटी तार आणि तिच्या टोकाची पट्टी हवी होती. आदिलाबादमध्ये एका दुकानात ती मिळालीही. व्यवस्थित बसली. आम्ही ळ कापायला दिला… आणि मशीन ढिम्म. मी तार जुळली की वाजणारं मीटर लावून एकेक टाचणी तपासली तेव्हा उमगलं की या पट्ट्यांच्या दोन जाती असतात. दिसायला सख्ख्या बहिणी, बसतातही दोन्ही, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा. एका कंपनीच्या बोर्डाला एक चालते, दुसऱ्याला दुसरी. बांध्यावरून कळत नाही. मी तारा कापून डाग देऊन जोडायला बसलो तर केसासारख्या त्या तारा हातातच तुटल्या. हैदराबादला फोन केले तर लोक म्हणत, काका, हे कोण वापरतं आता?

मी हात टेकले होते. पेंटरने मात्र ही गोष्ट सोयरीक जमवल्यासारखी हाती घेतली. आमच्याकडे मुलीसाठी स्थळ बघायचं असलं की लग्नात, बारशात, तेराव्यात, जिथे चार माणसं बसतील तिथे शब्द टाकून ठेवतात. पेंटर प्रत्येक ठिकाणी ती चुकीची पट्टी खिशात घेऊन जायचा. बाजारहत्नूरच्या एका लग्नात पंगतीत बसून त्याने ती व्याह्यांना दाखवली. "अशीच पायजे, पण अशी नाई." व्याही बिचारे हातात घेऊन उलटसुलट बघत होते आणि मी लाजेने वरणात डोकं घालून बसलो होतो. पण शब्द फिरला. वहिनींच्या बहिणीचे यजमान शंकरराव बेल्लमपल्लीला खाणीत होते. त्यांचा फोन आला की त्यांच्या क्वार्टरमागच्या भंगारवाल्याकडे जुन्या कॉम्प्युटरांचा ढीग पडलाय, येऊन बघा.

पहाटेची बस पकडून आम्ही गेलो. शंकररावांची पहिली पाळी सुटेपर्यंत त्यांच्या ओसरीवर बसलो आणि मग तिघं मिळून भंगारात शिरलो. पेट्या उघडायच्या, आत चपटी तार असली तर काढायची, मीटर लावायचं. भंगारवाला तेलुगू माणूस, आधी आम्हाला वेडे समजला, मग त्यालाही चेव आला. स्वतःच पेट्या उपसायला लागला आणि प्रत्येक तार वर धरून विचारायचा, "इदेना?" हीच का? आणि मी नाही म्हणून मान हलवायचो. उन्हं कलली. मीटरची एक काडी माझ्या हातात, दुसरी पेंटरने हट्टाने स्वतःकडे घेतलेली, आणि ती टाचणीवर ठरत नव्हती. मी म्हटलं, "दे इकडे." तो म्हणाला, "वामन्या, माया हाताचं काम हाय, मले करू दे." त्याने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, श्वास रोखला आणि काडी टेकवली. मीटर वाजलं. पुढची टाचणी, पुन्हा वाजलं. सगळा क्रम जुळला तेव्हा भंगारवाल्याने पुन्हा विचारलं, "इदेना?" आणि पेंटरने हो म्हणून मान डोलावली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याने ते लपवलं नाही.

घरी आलो, पट्टी बसवली, ळ दिला. पात्याने आधी एक पोट कापलं, मग जरा थांबलं. मग दुसरं कापलं. पेंटरने तो ळ थरथरत्या बोटांनी सोलला, बराच वेळ लागला त्याला, आणि माझ्या चष्म्याच्या डबीवर लावला. मधून बाहेर अंगठा फिरवायची त्याची पद्धत होती, म्हणजे आत हवा राहत नाही. "हे तुले," म्हणाला. त्यानंतरची वर्षं त्याने त्या मशीनवर काढली. जैनथच्या रस्त्यावर पुढून ऑटो आला की मी अजून आधी अक्षरं बघतो आणि मग ड्रायव्हर.

परवा वहिनींनी निरोप पाठवला. दुकानाची खोली एका टेलरला भाड्याने द्यायची ठरली होती, मशीन उचलायला बाजारातला भंगारवाला येणार होता. त्यांचंही बरोबर होतं, चूल तर पेटायला हवी. मी तारा काढायला गेलो. ती बेल्लमपल्लीची पट्टी हाताला लागली आणि मला ती उपटवेना. एकदा बघू तर, म्हणून सगळं सुरू केलं. इतके दिवस बंद होतं, मला भरवसा नव्हता. लाल रेडियमचा तुकडा लावला, ळ दिला. मशीन काही वेळ गप्प राहिलं… आणि मग पातं चालायला लागलं, तोच किर्र आवाज.

आवाज ऐकून वहिनी आतून आल्या, हात पिठाने भरलेले. दारात उभ्या राहिल्या. मी ळ सोलला. कुठे लावावा सुचेना, तसाच बोटावर धरून बसलो.

"द्या थे दोन पोटाचं," त्या म्हणाल्या. पदराला हात पुसून त्यांनी तो बोटाच्या टोकावर घेतला आणि आत गेल्या. मी उघड्या दारातून बघत होतो. फळीवरचा पिठाचा डबा त्यांनी खाली घेतला, फिरवून ओरखड्यांची बाजू पुढे आणली आणि बरोबर त्या ओरखड्यांवर ळ ठेवून मधून बाहेर अंगठा फिरवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "भंगारवाल्याले सांगा, नको येऊ म्हणा. तुमच्या दुकानात जागा असन ना?"

मी म्हटलं, आहे.

त्यांनी झाकण उघडलं आणि भाकरीपुरतं पीठ काढून घेतलं.