छर्रा परत कुठे जातो

ग्लेनिस प्रोबर्टचा कशावरच विश्वास नाही. आमच्या गावच्या हॉलमध्ये दर मंगळवारी एअरगनचा क्लब भरतो. निशाण्याच्या कागदामागे छर्रे अडवायला काय ठेवायचं, हे तीच ठरवते. जुने गालिचे आणले तर म्हणते, "आतून कुजले असतील." मला ती पहिल्यापासून खडूस वाटते, खोटं कशाला बोलू? पण कारण गावाला ठाऊक आहे. बारा वर्षांपूर्वी तिनेच लावलेल्या फळीवरून एक छर्रा उलटला आणि तिच्या नवऱ्याचा, आयव्हरचा, डावा डोळा गेला. आयव्हर अजूनही नेमबाजांशेजारी बसून गुण लिहितो. संरक्षक चष्मा लाव म्हटलं की कुरकुरतो, "एका डोळ्याला दोन काचा कशाला?"

मार्चमध्ये आमचा नवा सेक्रेटरी डेस्मंड रेल्वेच्या रुळांखालचा ओकचा जाडजूड ओंडका घेऊन आला. "बघा बाई! तोफगोळाही अडेल."

"अडेल रे. पण मग जाईल कुठे?"

तिने ओंडक्यापुढे हातभर अंतरावर वर्तमानपत्र टांगलं आणि मध्ये तळहाताएवढं भोक पाडलं. गोळी त्या भोकातून जायची. कागद दुसरीकडे कुठे फाटला, तर छर्रा परत आला असं समजायचं. आम्हाला बाहेर हाकललं. चष्मा लावून, तोंडाला मफलर गुंडाळून तिने एकटीने दहा गोळ्या झाडल्या. कागद दोन ठिकाणी फाटला होता, मागून पुढे.

डेस्मंडचं तोंड एवढंसं झालं. मग तो चिडून म्हणाला, "लोकांच्या डोळ्यातलं कुसळ बरं दिसतं तुम्हाला! आता तुमच्या पेटीपुढे लावा की हा कागद."

तिची पेटी म्हणजे लाकडी खोकं, मागे लोखंडी पत्रा आणि पुढे कधीच न वाळणारी मऊ पुट्टी. छर्रा तिच्यात रुतून बसतो. सगळ्या क्लबचा त्या पेटीवर भरवसा होता. ग्लेनिसचा तर होताच, नाहीतर ती अशी गोरीमोरी झाली नसती.

तिने नवा कागद टांगला. आम्ही पुन्हा बाहेर गेलो. सातव्या गोळीनंतर आवाज थांबला.

आत गेलो तेव्हा ती चाकूने पुट्टी कापत होती. आत शिशाचा मुठीएवढा गोळा साठला होता. छर्रे आता पुट्टीत रुतत नव्हते, शिशावर आपटत होते. दर महिन्याला शिसं खरवडून काढायचं हा तिचाच नियम, आणि नाताळपासून तिनेच तो पाळला नव्हता. कागदावर कडेला एक बारीक फट होती, आयव्हरच्या खुर्चीच्या रोखाने.

डेस्मंडलाच वाईट वाटलं. "जाऊ द्या बाई, खरवडून टाकू. तासाभराचं काम."

तिने क्लबच्या किल्ल्या त्याच्यासमोर ठेवल्या. स्वतःचा चष्मा काढून आयव्हरच्या डोळ्यांवर चढवला.

"अगं, एकच तर फट आहे," आयव्हर म्हणाला.

"मागच्या वेळीही एकच छर्रा होता, आयव्हर."