कडू सुरंजान
आज सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तिळाचं तेल तापवलं आणि त्या वासासरशी नांदेडच्या बाजारातलं अत्ताराचं जुनं दुकान आठवलं. माझ्या यादीत ‘काढ्यासाठी सुरंजान’ एवढंच होतं, केशरासारखं फूल येणाऱ्या रानरोपाचा वाळका कंद. बडीशेप-ज्येष्ठमधाच्या वासात बसलेल्या म्हाताऱ्या अत्तारांनी विचारलं, “कडू की गोड?” “कडूच द्या, सासूबाईंना लवकर गुण येईल.” त्यांचा तराजू थांबला. “सासूवर लई राग हाय का, बाई? कडू तेलात उकळून चोळायचं. पोटात गेलं तर जहर हाय!” मी तिथंच यादी दुरुस्त केली: कडू चोळायला, गोड काढ्याला. घरी हे सांगितलं, तेव्हा सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. इतकी वर्षं झाली, पण मी चहाचा कप हातात दिला की अजून विचारतात, “गोडच हाय ना गं?”