आयडा नॅट्रसनं लाल कापड कापलं

आयडा नॅट्रसला आयुष्यात कापड कापणं सोडून सगळं करू दिलं होतं. सत्तावीस वर्षं तिनं उत्तर इंग्लंडातल्या वेअरडेल खोऱ्याच्या वरच्या अंगाला शाळेची बस चालवली. जानेवारीत रस्त्याची काच व्हायची, मागे चाळीस पोरं बोंबलत असायची, पण एकालाही तिनं कधी खरचटू दिलं नाही. सासऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात इंजेक्शनं तिनंच दिली. गोठ्यावरचे पत्रे वाऱ्यानं उडाले तेव्हा शिडीवर चढून ठोकले तेही तिनंच. मात्र हातात कात्री घेतली की कोणी ना कोणी म्हणायचंच, "ठेव ती. वाकडं कापशील."

कारण आयडा डावरी. नऊ वर्षांची असताना तिनं धाकट्या भावाच्या झबल्याचं फ्लॅनेल कापलं आणि ते बाहीपाशी जे तिरकं गेलं ते गेलंच. आई गोधडी मंडळातली नावाजलेली बाई. तिनं निकाल देऊन टाकला: ही टाके घालील, कापणार नाही. कात्रीच मुळी उजव्या हातासाठी घडवलेली होती, हे त्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. आयडाच्याही आलं नाही, आणि तेही पन्नासहून जास्त वर्षं. माणसं कशाकशावर विश्वास ठेवून जन्म काढतात, त्याला काय करायचं!

आयडा आता सदुसष्टची. मंडळ अजून दर बुधवारी दुपारी चॅपलमागच्या खोलीत जमतं. सहा बायका, एक लाकडी चौकट, आल्याचा केक, आणि गावातल्या यच्चयावत माणसांच्या चौकशा. टाके सगळ्याजणी घालतात. कापते एकच: थर्झा पीअर्ट, वय त्र्याऐंशी, आयडाच्या आईची मैत्रीण. थर्झा कात्री उचलायची तेव्हा बाकीच्या सुया खाली ठेवायच्या. गोधडी बिघडली तर बोल कापणारीला, असा तिथला रिवाज. त्यामुळे कापणारीचा मानही तसाच मोठा.

जूनमध्ये थर्झा कोंबड्यांना दाणे टाकताना घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. प्लास्टर ऑगस्टपर्यंत. सप्टेंबरातल्या शेतकी प्रदर्शनात मंडळाची गोधडी जायची होती आणि नुसत्या टाक्यांनाच दहा आठवडे लागतात. म्हणजे कापायचं होतं ते ताबडतोब.

गोधडी नऊ पट्ट्यांची, पाच लाल आणि चार पांढरे, प्रत्येक पट्टा डोक्यापासून पायापर्यंत अखंड. पांढरं कापड दुकानात मिळतं. लाल मात्र थर्झाच्या आईनं घेतलेलं, सत्तर वर्षं पेटीत पडलेलं, रंग अजून रक्तासारखा. एका कडेला डाग होता, तो भाग सोडला तर जेमतेम पाच पट्टे निघत होते. सहावा नाही.

"माझ्या सुनेकडे पाठवू," मंडळातली मॉरीन व्हिपंड म्हणाली. मॉरीनकडे प्रत्येक अडचणीवर सून असते. "डार्लिंग्टनला तिच्या ओळखीचे लोक आहेत, मशीनवर कापून देतात. दोन दिवसांत परत."

"आईचं कापड डार्लिंग्टनला?" थर्झानं असं विचारलं की जणू कापड युद्धावर निघालंय.

"मी कापते," आयडा म्हणाली.

केक चावणंसुद्धा थांबलं.

"तू?" थर्झा म्हणाली. "अगं पोरी, तुझी आई..."

"आई जाऊन तीस वर्षं झाली, थर्झामावशी. आणि ते झबलं घालणाऱ्याला आता नातवंडं आहेत."

थर्झानं केकची बशी बाजूला सारली. मग म्हणाली, "पुढच्या बुधवारी जुनी चादर आण. इथं, माझ्यासमोर, एक पट्टा काप. सरळ आला तर लाल तुझं. नाही आला तर मॉरीनच्या सुनेला फोन."

गुरुवारी सकाळीच आयडा हेक्समला गिलहेस्पींच्या दुकानात हजर. गिलहेस्पी उंच, वाकलेला, बोलका माणूस. बायकोच्या मागे कापडदुकान चालवतो आणि गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत सल्ला देतो.

"डावऱ्या का तुम्ही? मग प्रश्नच मिटला! डाव्या हाताची कात्री. बघा, पाती उलटी बसवलीत. रेघ स्पष्ट दिसते तुम्हाला."

खरंच दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा कापायची रेघ पात्याआड न लपता आयडाच्या डोळ्यांसमोर होती. आयडानं दुकानात कापून बघितलं नाही. तिची घोडचूक हीच. घरी येऊन चादर पसरली, झोकात कात्री चालवली, आणि कापड कापलं जायच्या ऐवजी दुमडून दोन पात्यांच्या मध्ये जाऊन बसलं. पुन्हा केलं. पुन्हा बसलं.

नवरा सेप दारात उभा राहून बघत होता. "कात्री चावत नाही, नुसती चघळतेय," तो म्हणाला.

"तू तुझ्या मेंढ्या बघ."

पण ती हात न्याहाळत बसली आणि तासाभरात तिला उलगडा झाला. उजव्या हाताच्या कात्रीनं कागद-दोरे कापता यावेत म्हणून तिचा अंगठा जन्मभर चोरून एक पीळ देत आला होता, पाती एकमेकींना चिकटवायला. आता कात्री डाव्या हाताची झाली, पीळ मात्र तोच, आणि तो पाती फाकवत होता. अंगठ्याला नव्यानं शिकवायला वर्ष लागलं असतं. आयडाकडे सहा दिवस होते.

शुक्रवारी कात्री परत. "आज तुम्ही बोलायचं नाही," तिनं गिलहेस्पींना बजावलं. "मी मागीन ते द्यायचं आणि कापायला चिंध्या द्यायच्या."

तिनं रोटरी कटर मागितले. दांडा, त्याच्या टोकाला गोल फिरणारं पातं. दाबायचं आणि पुढे ढकलायचं. अंगठ्याच्या पिळाचा प्रश्नच नाही, कारण दुसरं पातंच नाही. एकूण पाच होते. फुलाफुलांचा गुलाबी होता तो तिनं हातसुद्धा न लावता बाजूला सारला. लहान चाकाचा वळणावर छान पळत होता, पण तिला वळणं कापायची नव्हती. सर्वांत मोठ्या चाकाचा जड, दहाव्या चिंधीला मनगट भरून आलं. एकाचं पात्यावरचं झाकण फक्त उजव्या अंगठ्यानं बंद व्हायचं.

"लोक याची फार तारीफ करतात हो," गिलहेस्पींना राहवलं नाही.

"त्या लोकांना उजवा अंगठा असेल. बंद न होणारं पातं मी टेबलावर ठेवणार नाही, सहा बायकांची बोटं असतात तिथं."

उरला तो मधल्या चाकाचा, काळ्या सरळ दांड्याचा. त्याचा स्क्रू काढून तिनं पातं डाव्या हातासाठी दुसऱ्या बाजूला बसवलं आणि तीन चिंध्या सलग कापल्या. घेतला. सोबत दोन फुटी जाड फूटपट्टी आणि खाली अंथरायची मॅट. दोन फूटपट्ट्या घासून बघितल्या आणि जिच्या पाठीला खरखरीत ठिपके होते, ती निवडली. कापडावर घसरणारी फूटपट्टी नसलेली बरी.

"पट्टे लांब असतील तर चादरीची चौपदरी घडी घाला, एकाच दाबात काम," निघताना गिलहेस्पींनी सल्ला सरकवलाच.

शनिवारी तिनं तो ऐकला. घडी घातली, कापलं, उलगडलं, आणि पट्टा प्रत्येक घडीपाशी कोपरासारखा वाकलेला! रविवारी चॅपलहून येऊन पुन्हा घडी, पुन्हा तीन वाक. घडी केसभर तिरकी असली की पट्टा उलगडल्यावर दुपटीनं बोलतो. सेप म्हणाला, "मॉरीनच्या सुनेला बरं वाटेल." आयडानं जेवणाची ताटं उचलली आणि ओसरीत चादर लांबच्या लांब पसरली, घडी न घालता.

बस वळवताना बॉनेटकडे बघणारा ड्रायव्हर खड्ड्यात जातो. नजर पुढे हवी, आणि मागचं चाक कुठून गेलं ते ध्यानात ठेवावं लागतं. तिनं तेच केलं. फूटपट्टी पुढे सरकवायची, पण अर्धी कायम आधी कापलेल्या कडेवर टेकलेली ठेवायची. एक दाब, सरकव, टेकव, एक दाब. सोमवारी रात्रीच्या जेवणाआधी सात पट्टे झाले आणि सातही सरळ. सेपनं एक उचलून दाराच्या चौकटीला लावून बघितला, खाली ठेवला आणि चहा टाकायला गेला.

बुधवारी खोलीतली तीन टेबलं तिनं आधीच जाऊन जोडून ठेवली होती आणि वर मॅट, फूटपट्टी, कटर मांडला होता. थर्झा आली, गळ्यातल्या झोळीत प्लास्टर, आणि डाव्या हातानं पिशवीतून आपली लांब कात्री काढून टेबलावर ठेवली.

"हिनं काप. या मंडळात कापड कात्रीनंच कापतात. ते चाक पिझ्झ्याला."

मॉरीननं लगेच पर्स उघडून फोन शोधायला घेतला.

आयडानं कात्री उचलली, दोन्ही हातांनी थर्झापुढे परत ठेवली. "कात्रीनं मी वाकडंच कापीन, मावशी, तुझी असली तरी. चाकानं सरळ कापीन. तुला सरळ हवंय की कात्री हवीय?"

थर्झानं खुर्ची ओढली आणि टेबलाच्या अगदी कडेला नाक नेऊन बसली. "बघू तर."

सुया खाली गेल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आयडानं चादर पसरली आणि कापत टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. थर्झानं पट्टा दुमडून कड कडेला लावली, धरली, उजेडात नेली, मॉरीनला धरायला लावली.

"खालच्या टोकाला दोऱ्याभर कमी आहे," थर्झा म्हणाली.

"आहे. शिवणीत जाईल."

"जाईल," थर्झा म्हणाली, आणि एका हातानं लाल कापडाचा गठ्ठा सोडायला लागली. गाठ सुटेना. तिनं मदत मागितली नाही, कुणी केली नाही. शेवटी दातांनी सोडवली. "त्या कडेनं सुरू कर. या कडेला डाग आहे. आणि फूटपट्टीवरचं करंगळीचं टोक आत घे, चाक मांस ओळखत नाही."

पाचही पट्टे निघाले. मॉरीनचा फोन पर्समध्येच राहिला.

सप्टेंबरात गोधडीला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षक बाईंनी डाव्या कोपऱ्यातले टाके विरळ असल्याचं लिहिलं होतं. ते मॉरीनचे. पट्ट्यांबद्दल चकार शब्द नव्हता, आणि वाकडं असतं तर पहिला शेरा तोच आला असता.

ऑक्टोबरात नव्या गोधडीसाठी निळं कापड आलं. थर्झाचं मनगट तोवर बरं झालं होतं, कोंबड्यांना दाणे तीच टाकत होती. तिनं गठ्ठा उचलला, आयडासमोर ठेवला, आणि चष्मा लावून सुईत दोरा ओवायला बसली.